वादळाला वारा लागत नाही

प्रश्न असा आहे: अवकाशात हवाच नाही, मग ‘अवकाश हवामान’ आणि ‘सौरवादळ’ हे शब्द चुकीचेच ना?

‘हवामान’ चालू द्या. ‘राजकीय हवामान’ म्हणताना कोण हवा मोजतो? खरी मौज ‘वादळा’त आहे. वादळ ‘वाता’पासून आलं, म्हणून वाऱ्याविना वादळ नाही, असं शुद्धतेचे कैवारी ठासून सांगतात. साफ चूक! संस्कृतात ‘वार्दल’, प्राकृतात ‘वद्दल’, हिंदीत ‘बादल’ आणि मराठीत ‘वादळ’. ‘वार्’ म्हणजे पाणी. हिंदी ढगापाशीच थांबली, मराठी वाऱ्याकडे वळली. माझं मत विचाराल तर हे वळण किनाऱ्यावरच्या लोकांनी दिलं असावं. कोकणात मृगाचा ढग वारा घेऊनच येतो. पाण्यावरून वाऱ्यावर गेलेला शब्द पुढे चुंबकसूचीवर, म्हणजे होकायंत्राच्या सुईवर गेला तर बिघडलं कुठे?

तिथे तो गेलाच. १८०६ साली बर्लिनमध्ये चुंबकसूची सैरभैर झालेली पाहून हुम्बोल्ट या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने त्या प्रकाराला ‘माग्नेटिशेस उनगेविटर’, म्हणजे चुंबकीय वादळ म्हटलं. वादळ सुईचं होतं, सूर्याचं नव्हे!

म्हणूनच ‘सौरवादळ पृथ्वीवर आदळणार’ हा मथळा आणि त्याखालचं आगीच्या लोळांचं चित्र पाहिलं की संताप येतो. लोकांना वाटतं, उकाडा वाढणार, मोबाइल जळणार. सूर्याने फेकलेला विद्युतभारित वायू साधारण एक ते तीन दिवसांत इथे पोचतो आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हलवतो. त्या हालचालीमुळे जमिनीत आणि लांबलचक तारांत वीजप्रवाह निर्माण होतो आणि अर्थिंगच्या वाटेने ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरतो. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातल्या क्वेबेकचं वीजजाळं दीड मिनिटात कोसळलं. साठ लाख लोक, नऊ तास अंधार. तिथला खडक विजेला सहजी वाट देत नाही, त्यामुळे प्रवाहाने तारांचा रस्ता धरला.

आपल्या मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेत तर सप्टेंबर १८५९ च्या चुंबकीय महावादळाची नोंद माणसांनी डोळ्यांनी उपकरणं वाचून केली: चुंबकीय क्षेत्राच्या आडव्या घटकात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) घसरण! जगभरचे अभ्यासक आजही ती नोंद काढून बघतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी मोजमाप बिघडणार, म्हणून १९०४ साली हे काम अलिबागला हलवलं.

तेव्हा ‘भूचुंबकीय वादळ’ म्हणा, आणि मथळ्याखाली ट्रान्सफॉर्मरचं चित्र छापा.