पेबल बेड अणुभट्टीच्या सिम्युलेशनमध्ये इंधनाच्या ग्रॅफाइट गोळ्यांमधलं उष्णता-प्रारण कसं धरावं?

गोळ्यांमधून वाहणारा शीतक वायू, हेलियम, प्रारणाला पारदर्शक असतो, त्यामुळे फक्त पृष्ठभाग ते पृष्ठभाग देवाणघेवाण मोजायची. पूर्ण भट्टीसाठी (चीनच्या एचटीआर-पीएम या पेबल बेड प्रकल्पाच्या दोनपैकी प्रत्येक भट्टीत ६० मिमीचे सुमारे ४,२०,००० गोळे आहेत) प्रत्येक गोळा सोडवत बसू नका. झेनर-बाउअर-श्लुंडर सूत्राने प्रभावी वाहकता (गोळ्यांचा पूर्ण थर एकच पदार्थ मानून येणारी उष्णता-वाहकता) काढा. त्यातलं प्रारण ४σT³d च्या प्रमाणात वाढतं (σ स्टेफान-बोल्ट्झमन स्थिरांक, T केल्विनमधलं तापमान, d गोळ्याचा व्यास): ६०० केल्विनला ही राशी सुमारे ३ वॅट/मी·के, १२७३ केल्विनला २८. म्हणूनच शीतकाचा प्रवाह थांबल्यावर खरा भार प्रारणच उचलतं.

इथे हमखास एक चूक होते. न्यूट्रॉनांच्या माऱ्याने ग्रॅफाइटची वाहकता घटते आणि गोळा समतापी राहत नाही. ती घट धरली नाही तर उष्णता कागदावर सहज बाहेर पडते आणि गाभ्याचं कमाल तापमान प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतं.

गोळा-गोळा तपशील हवाच असेल तर डीईएमने (प्रत्येक गोळ्याची हालचाल मोजणारी पद्धत) जागा ठरवून माँटे कार्लोने (यादृच्छिक किरण सोडून) दृश्य-गुणांक, म्हणजे एका पृष्ठभागाच्या प्रारणाचा दुसऱ्यावर थेट पडणारा वाटा, काढा. प्रत्येक गोळ्याच्या दृश्य-गुणांकांची बेरीज, भिंतीसह, १ आलीच पाहिजे. फक्त चिकटलेले शेजारी धरले तर ती कमी भरते. मेशसाठी (गणनेची जाळी) गोळे १ टक्का आक्रसले, तर स्पर्शबिंदूंतलं वहन वेगळं जोडा. भिंतीलगत सच्छिद्रता (गोळ्यांमधल्या रिकाम्या जागेचा वाटा) हेलकावते, तिथे सरासरी ०.३९ वापरू नका.