चाळिशीनंतर पहिल्यांदाच व्हिडिओ गेम खेळायचा, तर सुरुवात कशाने करावी?

तुम्ही लिहिलंय की वय त्रेचाळीस, आजवर एकही व्हिडिओ गेम खेळलेला नाही, आणि मुलगा शिकवायला बसला की डझनभर बटणांचा कंट्रोलर हातात देतो, तिथेच सगळं अडतं. माझं उत्तर आहे टेट्रिस. हे मी माझ्या आईला बघून सांगते आहे.

मी सहावीत असताना काकांनी जत्रेतून ब्रिक गेम आणला होता. तुम्ही माझ्याच पिढीच्या दिसता, तेव्हा तो पाहिलेला असणारच. करड्या प्लास्टिकचं मशीन, त्यावर '९९९९ इन १' छापलेलं, मागे दोन पेन्सिल सेल. गाडीची शर्यत, रणगाडे, साप असे दहा-पंधरा खेळच वेग बदलून पुन्हा पुन्हा यायचे. मला आठ दिवसांत कंटाळा आला. आईने मात्र त्यातला ठोकळ्यांचा खेळ, म्हणजे टेट्रिसच, धरला. रात्री भांडी आवरून, ओटा पुसून झाला की ती भिंतीला टेकून बसायची. त्या पडद्याला स्वतःचा उजेड नसायचा, म्हणून झिरोच्या बल्बखाली. आम्ही झोपलेलो असायचो म्हणून आवाज बंद. तिला कुणीही काही शिकवलं नव्हतं. वरून ठोकळा पडतो, तो फिरवून खाली नीट बसवायचा, आडवी ओळ भरली की ती नाहीशी होते, ढीग वर टेकला की डाव संपला. एवढं दोन मिनिटं बघून कुणालाही कळतं.

असं होण्याचं कारण या खेळाच्या जन्मात आहे असं मला वाटतं. १९८४ साली मॉस्कोत सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी तो बनवला. त्यांच्यासमोरच्या इलेक्ट्रॉनिका ६० या संगणकावर चित्रं दिसतच नसत, फक्त अक्षरं आणि चिन्हं दिसत. म्हणून त्यांनी चौकोनी कंसांच्या जोड्यांपासून ठोकळे तयार केले. चित्र नाही, गोष्ट नाही, पात्रं नाहीत. चार चौकोन जोडून होणारे सात आकार आणि दहा चौकोन रुंद, वीस चौकोन उंच असा एक चौक, एवढ्यावर खेळ उभा राहिला. त्यामुळे तो कुठल्याही यंत्रावर आणि कुठल्याही देशात चालला.

आता खेळायचं कसं, ते जरा सविस्तर सांगते, कारण नवीन माणूस इथेच चुकतो. सुरुवातीला आपण मिळेल ती ओळ भरून मोकळे होतो. पण कडेचा एक उभा रकाना मुद्दाम रिकामा ठेवायचा आणि बाकीचे नऊ रकाने सपाट भरत न्यायचे. मग सरळ लांब ठोकळा आला (आमच्या घरात त्याला 'काठी' म्हणायचे) की तो त्या फटीत उभा सोडायचा. चार ओळी एकदम जातात. जुन्या गेम बॉयवर (निन्टेन्डो कंपनीचं हातात धरून खेळायचं मशीन) पहिल्या पातळीला एका ओळीचे ४० गुण मिळतात, चार ओळी एकदम गेल्या तर १२००. म्हणजे त्याच चार ओळी सुट्या सुट्या घालवल्या तर जेमतेम १६०! हा हिशोब आईला आकडे न बघताच उमगला होता. ती काठीची वाट बघत थांबायची आणि मी शेजारून "अगं भर ना ती फट!" म्हणून ओरडायचे. ती ऐकायची नाही.

दुसरं म्हणजे भोकं पडू द्यायची नाहीत. ठोकळ्याखाली एक रिकामा चौकोन अडकला की त्याच्या वरचं सगळं उपसेपर्यंत ती ओळ भरता येत नाही. म्हणून बाजूला दिसणाऱ्या पुढच्या ठोकळ्याकडे सतत एक डोळा ठेवा. नव्या आवृत्त्यांत एक सोयही आहे: सातही आकार एका पिशवीत घालून एकेक काढावेत तसे ते येतात आणि पिशवी रिकामी झाली की नवी भरली जाते. त्यामुळे दोन काठ्यांच्या मध्ये जास्तीत जास्त बारा ठोकळे येतात. आईच्या मशीनला असा नियम नव्हता, तिची वाट फार लांबायची.

फोनवर काहीही उतरवून घेण्याआधी टेट्रिसच्या अधिकृत संकेतस्थळावर ब्राउझरमध्येच खेळून बघा, फुकट आहे. लॅपटॉपवर बाणाच्या चार कळा पुरतात. मुलाला शेजारी बसवा, पण हात त्याचे नकोत. त्याला हवं तर विलिस गिब्सनबद्दल सांगा. ओक्लाहोमाचा हा तेरा वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२३ मध्ये निन्टेन्डोच्या जुन्या टेट्रिसमध्ये १५७व्या पातळीपर्यंत गेला आणि शेवटी खेळच गोठला. त्याच्याआधी कुणा माणसाने तिथवर मजल मारली नव्हती.

आणि रात्री डोळे मिटल्यावर ठोकळे पडताना दिसू लागले तर घाबरू नका. हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी २००० साली यावर संशोधन प्रसिद्ध केलं. त्यात स्मृती गेलेले काही रुग्णही होते. आपण हा खेळ खेळलो हेच त्यांना आठवत नव्हतं, तरी त्यातल्या काहींना झोप लागताना पडणारे आकार दिसले. मी हे वाचलं तेव्हा आईच आठवली. सकाळी कणीक मळताना ती म्हणायची, "काल रात्रभर झेडच पडत होते गं, काठी एकदाही आली नाही."