लढाईच्या काळोखातली जादू

प्रश्न: दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी दुसऱ्या महायुद्धातल्या इंग्लंडमध्ये घडणारी अद्भुत साहसकादंबरी लिहिते आहे. लंडनहून खेड्यात पाठवलेल्या भावंडांना गायब करणारी अंगठी सापडते. काही प्रकरणं वाचून दाखवल्यावर एका मुलाने विचारलं, ‘मग हिटलरलाच का नाही गायब करत?’ यातून सुटका कशी?

उत्तर: मुलाचा सवाल बिनतोड आहे. त्याचं उत्तर पहिल्या तीन प्रकरणांतच यायला हवं, नाहीतर पुढची सगळी संकटं खोटी वाटतात. जादूला हद्द घाला, आणि ती हद्द त्या काळातूनच उचला. ब्रिटनमध्ये सप्टेंबर १९३९ पासून ब्लॅकआउट होता, म्हणजे शत्रूच्या विमानांना काही दिसू नये म्हणून सक्तीचा काळोख. खिडक्यांना काळे पडदे, रस्त्यावर दिवा नाही, हातातल्या टॉर्चच्या काचेवरही पातळ कागद. समजा, अंगठी फक्त मिट्ट काळोखात चालते आणि उजेडाची एक तिरीप पडली की तिचा प्रभाव संपतो. मग पडदा नीट न ओढणारी शेजारीण खलनायकाइतकीच धोक्याची ठरते, आणि ‘दिवा झाका!’ म्हणून ओरडणारा वॉर्डन नकळत मुलांचा राखणदार होतो. बर्लिन मुलांच्या पायांना दूरच. अंगठी चालायचं अंतर कमी करत नाही. वर शेवटही आयता मिळतो: सप्टेंबर १९४४ मध्ये ब्लॅकआउटचे नियम सैल झाले, तशी जादू विरायला लागते. हा नियम मात्र आजोबांच्या तोंडून समजावून देऊ नका. ऐन मोक्याला कुणीतरी काडी ओढावी आणि मुलं उघडी पडावीत.

प्रश्न: माझ्या कथेत मुलं सप्टेंबर १९३९ मध्ये बॉम्बच्या वर्षावातून पळतात. वाटेत मिठाईच्या दुकानात त्यांच्याकडे रेशनची कुपनं नसतात. काही चुकतंय का?

उत्तर: दोन्ही चुकलं आहे. मुलांना शहराबाहेर हलवायला १ सप्टेंबर १९३९ ला, म्हणजे युद्ध जाहीर होण्याच्या दोन दिवस आधी सुरुवात झाली. लंडनवर रोजच्या रात्रीचा बॉम्बवर्षाव सुरू झाला तो ७ सप्टेंबर १९४० ला. मधल्या शांततेत बरीच मुलं कंटाळून घरी परतली होती. हे परतणं कथेत आणा. त्यात आयता पेच आहे. ३ सप्टेंबरला पंतप्रधानांचं रेडिओवरचं भाषण संपल्यावर थोड्याच वेळात लंडनमध्ये भोंगे वाजले, पण तो इशारा खोटा निघाला. भीती हवी असेल तर ती तिथे आहे. मिठाईचं रेशनिंग जुलै १९४२ मध्ये आलं. लोणी, साखर आणि बेकन मात्र जानेवारी १९४० पासून रेशनवर होतं. आणखी एक: जून १९४० पासून चर्चच्या घंटा बंद होत्या, कारण घंटा म्हणजे शत्रू उतरल्याची खूण. १९४१ च्या कथेत रविवारची प्रसन्न घंटा वाजवलीत तर अख्खं गाव काठ्या घेऊन बाहेर पडेल! (तेच मुद्दाम घडवलंत तर प्रकरण झकास होईल.)

प्रश्न: बागेतल्या अँडरसन निवाऱ्यातून, म्हणजे बॉम्बहल्ल्यात लपायच्या आसऱ्यातून, दुसऱ्या जगात जायची वाट काढायची आहे. आतून तो कसा होता?

उत्तर: सहा वाकवलेले पन्हळी पत्रे माथ्यावर बोल्टांनी जोडलेले, सुमारे चार फूट खोल खड्ड्यात बसवलेले, वर निदान १५ इंच माती. आत साधारण साडेसहा फूट लांबी, साडेचार फूट रुंदी, सहा फूट उंची आणि सहा माणसं. म्हणजे आत धावाधाव शक्य नाही. प्रत्येक हालचाल कुणाच्या तरी गुडघ्यावरून होते. खरी अडचण पाण्याची. खड्ड्यात पाणी झिरपायचं, रात्री पावलं भिजायची. भिंतीत गुप्त दार कशाला शोधता? तळाशी साचलेल्या त्या गढूळ पाण्यातच वाट ठेवा. मोठी माणसं ते बादलीने उपसतात, म्हणून दार दर सकाळी नाहीसं होतं.

प्रश्न: मुलांच्या पुस्तकात मृत्यू दाखवावा का?

उत्तर: दाखवा, पण रक्तामांसाचं वर्णन न करता. वर्गात एक बाक रिकामा, त्याच्या खुंटीवर गॅस मास्कची पुठ्ठ्याची पेटी तशीच लटकलेली, एवढं पुरतं. आणि गेलेलं माणूस जादूने परत आणू नका.