स्टिकरवर ४८ व्होल्ट, आत सेल पाचच

तुमचा प्रश्न असा की वाकडच्या नव्या फ्लॅटमध्ये पडद्याचे रॉड आणि शेल्फ लावायला बॅटरीवरचं १२ व्होल्ट २ एएचचं (एएच म्हणजे ॲम्पिअर-अवर, बॅटरीची क्षमता) ड्रिल घ्यावं, १८ व्होल्टचं, की स्वस्तात मिळणारं '४८ व्होल्ट ६ एएच'वालं.

तिसरं आधी बाद करा. मीही एकदा हौसेने असलंच आणलं होतं. दोन महिन्यांत बॅटरी बसली म्हणून पॅक खोलला (तुम्ही खोलू नका, शॉर्ट झाला तर आग लागते). आत पाच सेल, प्रत्येकावर १५०० एमएएच, म्हणजे दीडच एएच. लिथियम सेल साधारण ३.६ व्होल्टचा, फुल चार्ज झाला की ४.२. पाच ओळीने जोडले की १८, फुल चार्जला २१. ४८ व्होल्टला तेरा सेल लागतात, ते त्या डबीत मावणार कुठून? '२० व्होल्ट मॅक्स' हेही तेच पाच सेल, फक्त आकडा फुल चार्जचा. त्यात फसवणूक नाही, पण १८ पेक्षा ते भारी असंही नाही.

खरा हिशोब व्होल्ट गुणिले एएच, म्हणजे वॅट-अवर, पॅकमध्ये साठणारी एकूण ऊर्जा. १८ व्होल्ट २ एएच म्हणजे ३६, ४ एएच म्हणजे ७२. १२ व्होल्टवाल्यात सेल तीनच, म्हणजे प्रत्यक्षात १०.८ व्होल्ट, २ एएचला साडेएकवीसच्या आसपास. माझ्या ६०० वॅट खेचणाऱ्या ग्राइंडरवर ३६ वॅट-अवर जेमतेम साडेतीन मिनिटं पुरतात. स्क्रू पिळायला मात्र तेवढ्यातच अख्खी दुपार निघते, कारण मोटर सारखी फिरत नसते.

मोठ्या पॅकचा फायदा फक्त टिकण्यात नाही. ४ एएचच्या बऱ्याच पॅकमध्ये दहा सेल असतात, पाच-पाचच्या दोन ओळी. करंट वाटला जातो, लोड आला तरी व्होल्टेज फारसं घसरत नाही, पॅक कमी तापतो. ग्राइंडर, सर्क्युलर सॉ घेणार असाल तर हे महत्त्वाचं. ड्रिलला २ एएच हाताला हलकं पडतं. डोक्यावर हात करून सीलिंगला भोकं पाडाल तेव्हा कळेल. म्हणून एका ४ पेक्षा २ एएचचे दोन घ्या, एक चार्जिंगला आणि एक हातात.

आता तुमच्या भिंती. नवीन टॉवर मायव्हानचा (ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून बांधलेला) असेल तर भिंतीसुद्धा सलग काँक्रीटच्या. तिथे बॅटरी कितीही मोठी लावा, साधं इम्पॅक्ट ड्रिल नुसतं किंचाळतं, भोक पडत नाही. त्याला एसडीएसचं (खाचा असलेलं बिट अडकवायची पद्धत) रोटरी हॅमर लागतं. आतला पिस्टन ठोके देतो, बॅटरी नाही. चार भोकांसाठी वायरवालं हॅमर भाड्याने आणा आणि घरासाठी १८ व्होल्टचं साधं ड्रिल घ्या. एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांच्या) भिंती असतील तर हॅमर लावूच नका, भोक सैल होतं.

बॅटरी खरी की खोटी हे किचनच्या काट्यावर कळतं. अशा पॅकमधला नेहमीचा १८६५० सेल (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) साधारण ४५ ग्रॅमचा. ६ एएचला असे दहा तरी लागतात, त्यांचंच वजन साडेचारशेच्या आसपास जातं, वर कव्हर. '६ एएच' लिहिलेला पॅक साडेतीनशे ग्रॅम भरला तर दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडा.

एप्रिल-मेमध्ये पॅक गाडीच्या डिकीत ठेवू नका. आणि बरेच दिवस वापर नसेल तर अर्धा चार्ज करून ठेवा, फुल नाही.