एन२ नंतरच्या कांजी स्वतःच शिकायच्या असतील, तर कोणती पुस्तके घ्यावीत?

आपण जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेची एन२ ही पातळी (सर्वांत वरची एन१) उत्तीर्ण झाला आहात, सुमारे हजार कांजी, म्हणजे जपानीत वापरली जाणारी चिनी चिन्हे, आपल्याला वाचता येतात आणि उरलेल्या कांजी कोणत्याही वर्गाला न जाता शिकण्यासाठी कोणते साहित्य घ्यावे, असा आपला प्रश्न आहे. मी जपानी तांत्रिक कागदपत्रांचे भाषांतर करते आणि हा टप्पा मीही एकटीने पार केला आहे. त्यामुळे माझे पहिले सांगणे असे, की पुस्तक हातात घेतल्यावर त्यात चिन्हे किती आहेत हे न पाहता प्रत्येक चिन्हाखाली शब्द कोणते आणि किती दिले आहेत, ते पाहावे.

याचे कारण मराठी माणसाला चटकन पटेल. आपण पाणी पितो, पण धरणाजवळ जलविद्युत केंद्र उभारतो. 'पाणीविद्युत' असे कोणी म्हणत नाही. जपानीत हेच घडते. पाण्याचे चिन्ह एकटे असले की ते 'मिझु' असे वाचायचे, आणि जलविद्युत निर्मितीसाठी 'सुइर्योकु हात्सुदेन' म्हणताना त्याच चिन्हाचे 'सुइ' होते. पहिल्या हजार कांजींत कुन्योमीचा, म्हणजे 'मिझु'सारख्या मूळ जपानी उच्चाराचा, आधार बराच मिळतो. पुढच्या कांजी मात्र बहुतांशी ओन्योमीच्या, म्हणजे 'सुइ'सारख्या चिनीतून आलेल्या उच्चाराच्या, जोडशब्दांतच भेटतात. असे चिन्ह सुटे पाठ केले, तर ते वाचताना उपयोगी पडत नाही.

म्हणूनच जेम्स हायसिग यांचे 'रिमेंबरिंग द कांजी' आपण आता सुरू करू नये, असे मला वाटते. त्याच्या पहिल्या खंडात प्रत्येक चिन्हाला एक इंग्रजी शब्द आणि लक्षात ठेवण्याची युक्ती मिळते, उच्चार मिळत नाहीत. नवशिक्याला त्याचा लाभ होतो, पण ज्याला हजार कांजी शब्दांसह येतात, त्याचे पुन्हा मुळापासून सुरुवात करण्यात महिने जातात. माझे तसे गेले.

त्याऐवजी मी 'कांजी इन कॉन्टेक्स्ट' सुचवीन. मूळ पुस्तक आणि सरावाच्या वह्या अशी त्याची रचना आहे, प्रत्येक चिन्हाखाली निवडक शब्द आहेत आणि सुधारित आवृत्तीत सर्व 2136 ज्योयो कांजी, म्हणजे जपान सरकारने नेहमीच्या वापरासाठी ठरवलेली चिन्हे, येतात. हा आकडा जुनी पुस्तके विकत घेताना ध्यानात असू द्यावा. 1981 च्या यादीत 1945 चिन्हे होती. 2010 मध्ये त्यांत 196 नवी आली आणि 5 गळाली. त्याआधीचे पुस्तक घेतल्यास नंतर आलेली चिन्हे वेगळी शोधावी लागतात. 'एन१ ची संपूर्ण कांजी यादी' असे मुखपृष्ठावर छापलेले असेल, तर तो प्रकाशकाचा अंदाज समजावा, कारण 2010 पासूनच्या नव्या परीक्षेसाठी अधिकृत यादी प्रसिद्धच होत नाही.

दुसरी कसोटी म्हणजे चिन्हांचा क्रम. प्रगत कांजींतील फार मोठा भाग एका अर्थसूचक आणि एका ध्वनिसूचक घटकाचा बनलेला असतो, आणि अशी कुटुंबे एकत्र मांडणारे पुस्तक मिळाले तर ते अवश्य घ्यावे. 'निळा' या अर्थाच्या चिन्हाची ओन्योमी 'सेइ'. त्याला पाणी जोडले की 'सेइकेत्सु' म्हणजे स्वच्छता, सूर्य जोडला की 'सेइतेन' म्हणजे निरभ्र आकाश, वाणी जोडली की 'सेइक्यू' म्हणजे मागणी, तांदूळ जोडला की 'सेइमित्सु' म्हणजे अचूक. हृदय जोडले की मात्र 'कांज्यो', म्हणजे भावना, या शब्दात उच्चार बदलतो. हा अपवाद कुटुंबाशेजारीच पाहिला की कायमचा लक्षात राहतो.

हाताने लिहिण्याबद्दल मतभेद आहेत. एन१ मध्ये लेखन नाही, पण 'हाकेन' म्हणजे पाठवणी आणि 'इसान' म्हणजे वारसा, या शब्दांतील 'केन' आणि 'इ' ही चिन्हे इतकी सारखी दिसतात, की मी ती लिहून पाहीपर्यंत चुकतच होते. सगळ्या कांजी लिहू नयेत. ज्या जोड्या गोंधळवतात, तेवढ्यासाठीच एक वही ठेवावी. लेखनाची खरोखर आवड असेल, तर जपानी लोकांसाठी असलेल्या कांजी केन्तेइ परीक्षेचे साहित्य उत्तम आहे. तिच्या दुसऱ्या श्रेणीत सर्व ज्योयो कांजी येतात, त्यापुढची पूर्व-पहिली श्रेणी सुमारे 3000 चिन्हांची असते. मात्र ही पुस्तके शब्द आधीच येतात असे धरून चालतात, म्हणून ती एन१ नंतर घ्यावीत.

आन्की हे उजळणीपत्त्यांचे ॲप वापरत असाल तर आयते संच उतरवून घेऊ नका. वाचनात अडलेला शब्द त्याच्या वाक्यासह स्वतः टंकित करा. वाचनासाठी 'आसाही' वृत्तपत्राचे 'तेन्सेइ जिन्गो' हे रोजचे छोटे सदर योग्य लांबीचे आहे. आओझोरा बुन्को या संकेतस्थळावर स्वामित्वहक्क संपलेले साहित्य विनामूल्य मिळते. तेथे प्रत्येक कृतीच्या माहितीपानावर लिपीचा प्रकार नोंदवलेला असतो. 'शिन्जी शिन्काना', म्हणजे नवी चिन्हे आणि काना या जपानी उच्चारलिपीचे नवे लेखन, असे लिहिलेलीच कृती उघडावी, नाहीतर आज वापरात नसलेली जुनी रूपे शोधण्यात संध्याकाळ जाते.