‘अरायव्हल’ आवडला. परग्रहवासीयांशी पहिल्या भेटीचे असे विचार करायला लावणारे आणखी कोणते चित्रपट पाहावेत, आणि कोणत्या क्रमाने?

‘अरायव्हल’मध्ये (२०१६) नेमकं काय आवडलं, त्यावर पुढची निवड ठरते. भाषाशास्त्रज्ञ लुईस फळ्यावर ‘पृथ्वीवर येण्याचा तुमचा हेतू काय?’ एवढंच लिहिते आणि कर्नलसाहेबांना त्याची फोड करून दाखवते. समोरच्याला प्रश्न म्हणजे काय हे आधी कळायला हवं, ‘तुमचा’ म्हणजे एकाचा की सगळ्यांचा ते कळायला हवं, आणि मुळात तो काही ठरवून करतो की निव्वळ उपजत प्रेरणेने, हेही बघायला हवं. हा प्रसंग भावला असेल, तर पुढचे तीन याच क्रमाने पाहा.

आधी ‘काँटॅक्ट’ (१९९७). खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या कादंबरीवरचा, अडीच तासांचा. अभिजित ताऱ्याकडून मूळ संख्यांचे ठोके येतात. निसर्गात आपोआप असं काही घडत नाही, म्हणून कुणीतरी मुद्दाम पाठवतंय हे ठरतं. त्याच संदेशात १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकचं प्रक्षेपण परत आलेलं असतं. तारा सुमारे २५ प्रकाशवर्षांवर, म्हणजे जाऊन-येऊन पन्नासेक वर्षं. हिशेब चोख बसतो. त्याखाली यंत्राचे हजारो पानांचे आराखडे दडलेले, आणि पानांच्या कडा काही केल्या जुळत नाहीत. त्या कशा जुळतात ते पडद्यावरच पाहा. नायिका हेडफोन लावून आकाश ऐकते, ती मात्र सिनेमाची सोय. प्रत्यक्षात लाखो वारंवारता संगणक चाळतो, कानाचं ते काम नाही. शेवटाबद्दल मतभेद आहेत. माझ्या मते चौकशीचा भाग थोडा लांबलाय, बाकी ठीक.

मग ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ (१९७७). इथे भाषा पाच सुरांची. हिमाचलमधलं धरमशाला शहर म्हणून दाखवलेल्या प्रसंगात जमाव तेच सूर गातो, आणि आवाज कुठून आला असं विचारताच शेकडो बोटं एकदम वर जातात. हे चित्रीकरण आपल्या खालापूरजवळच्या हाळ गावातलं आहे. आवृत्ती मात्र बघून घ्या. १९८० च्या आवृत्तीत यानाचं आतलं दृश्य स्टुडिओच्या आग्रहाखातर जोडलं आणि गूढपणाची माती झाली. दिग्दर्शक स्पीलबर्ग यांनी १९९८ मध्ये ते काढून टाकलं. तीच आवृत्ती पाहा. मधल्या भागात नायकाचं घर मोडत जातं, तिथे बऱ्याच जणांचा धीर सुटतो, पण माणसाला झपाटून टाकणं म्हणजे काय ते तिथेच दिसतं.

‘सोलारिस’ (१९७२, दिग्दर्शक तारकोव्हस्की) मुद्दाम शेवटी. वरच्या दोन्हींत संवाद जमतो, इथे जमतच नाही. ग्रहावरचा महासागर शास्त्रज्ञांच्या आठवणीतली माणसं घडवून त्यांच्यापुढे उभी करतो. हे बोलणं आहे, प्रयोग आहे की नुसता प्रतिसाद, कुणालाच सांगता येत नाही. मूळ कादंबरीकार स्टानिस्लाव्ह लेम यांना चित्रपट पटला नव्हता. त्यांना माणसाच्या आकलनाची मर्यादा दाखवायची होती, तारकोव्हस्कींना अपराधभाव. प्रेक्षक हमखास गळतात ते रस्त्यावरून गाडी धावत राहते त्या लांबलचक प्रसंगात (टोकियोत चित्रित झालाय). तो पळवू नका. पृथ्वी मागे सुटतेय हे त्या कंटाळ्यातूनच अंगात भिनतं.

वेळ नाही म्हणून २००२ चा जॉर्ज क्लूनीवाला ‘सोलारिस’ घेऊ नका. त्यात महासागर मागे पडतो आणि प्रेमकथा तेवढी उरते. तारकोव्हस्कींचा चित्रपट मुळातच दोन भागांत आहे, तेव्हा दोन रात्रींत पाहिलात तरी काही बिघडत नाही.