हिमनदीवर पहिल्यांदा जाताय? आधी बूट बघा

बूट घोटा झाकणारे, कडक तळव्याचे हवेत. मऊ बूट वाकतो आणि क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात पकड मिळावी म्हणून बुटाखाली बांधायचा धातूचा दातेरी सांगाडा, निसटतो. नवे असतील तर दोन-तीन आठवडे रोज वापरा, नाहीतर टाचेला फोड ठरलेलेच. क्रॅम्पॉनच्या पट्ट्यांची टोकं बाहेरच्या बाजूला ठेवून नीट खोचा. लोंबती राहिली की दुसऱ्या पायाचे दात त्यात अडकतात आणि माणूस तोंडावर आपटतो. बर्फावर पाय थोडे फाकवून, खालचे सगळे दात एकदम टेकवत चाला.

सुती कपडे नकोतच, घामाने भिजले की अंग गारठतं. ऊन बर्फावरून उलटून खालूनही लागतं, म्हणून सनस्क्रीन हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या कडेलाही लावा. बाजूंनी बंद गॉगल, दोन लिटर पाणी. दोर बांधला असेल तर सैल सोडू नका आणि गाइडच्याच पावलांवर पाऊल टाका. बर्फाने झाकलेली भेग वरून दिसत नाही.